पहिल्या टेस्टला ३० पैकी ८ पडले, आता वर्षाचं काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मुलगा, यंदा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सीईटीला ९४ पर्सेंटाइल. पहिल्या युनिट टेस्टला गणितात ३० पैकी ८. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जातं. खोलीतली दोन मुलं सीबीएसईची, त्यांना कोडिंग आधीपासून येतं. सीनियर सांगतात, 'एफईत (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात) काही नसतं, मजा कर.' वडील सांगतात, 'दुसरं काही करू नको, फक्त अभ्यास.' आणि त्याला विचारायचंय की पहिल्या वर्षाचा जास्तीत जास्त उपयोग कसा करून घेऊ, की मी चुकीच्या ठिकाणी आलोय?

मी पुण्यातल्या एका कॉलेजात २३ वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते, एम-वन आणि एम-टू. तुझ्या वयाची मुलं रोज समोर बसतात म्हणून सरळ 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. पहिल्या टेस्टला आठ-दहा गुण मिळवणारी मुलं मी दर वर्षी बघते. त्यांतली काही अडकतात, बरीचशी सावरतात. कोण सावरणार हे त्या आठ गुणांवरून मला आजवर कधी सांगता आलेलं नाही. टेस्टनंतरच्या पाच-सहा आठवड्यांत ते मूल काय करतं त्यावरून मात्र बऱ्यापैकी सांगता येतं.

आता खरी अडचण. तुला वाटतंय ती इंग्रजी आहे. थोडी आहेच. पण तू बारावी कशी केलीस ते आठव. भल्या पहाटे क्लास, रोज टेस्ट, संध्याकाळपर्यंत निकाल, चुकलेल्या प्रश्नांवर परत टेस्ट, मार्क घसरले की सरांचा घरी फोन. लातूर पॅटर्नला पुण्यातली मंडळी नावं ठेवतात, मी ठेवत नाही. त्या शिस्तीनं मराठवाड्यातली कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनीअर झाली. फक्त त्यात एक काम तुझ्या वतीनं दुसरंच कोणीतरी करत होतं, ते म्हणजे तुला काय येत नाही हे शोधणं. इथं ते काम कोणाकडेच नाही. माझ्या एका वर्गात सत्तर मुलं असतात. तिसऱ्या आठवड्यात तुझं बोट सुटलं तर मला ते कळतं पेपर तपासताना, म्हणजे महिना-दीड महिना उशिरा. तोवर तू पाटी-पुस्तक घेऊन रोज वर्गात बसलेला असतोस, हजेरी पूर्ण असते, आणि आत काही शिरत नसतं.

यात आमचाही दोष आहे. पहिली काही वर्षं मी तास संपताना 'समजलं का?' विचारायचे, वर्ग एका सुरात 'हो मॅडम' म्हणायचा, आणि मी समाधानानं डस्टर उचलायचे. आता विचारत नाही. एक छोटं उदाहरण फळ्यावर टाकते आणि बाकांमधून फिरते. अर्ध्या वह्या कोऱ्या असतात.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुझ्या तूच तपास. तुझं कॉलेज विद्यापीठाला संलग्न आहे की स्वायत्त? स्वायत्त असेल तर परीक्षेची रचना, एटीकेटीचे (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचे) नियम, सगळं वेगळं असू शकतं. सीनियरच्या तोंडून ऐकू नकोस, नियमावली मिळव आणि वाच. या टेस्टचे गुण निकालात धरतात का, हेही बघ; काही ठिकाणी युनिट टेस्ट फक्त सरावाची असते. समजा ते धरले आणि सत्राअखेरची परीक्षा ७० ची असली, तर शंभरपैकी ४० व्हायला तुला अजून ३२ लागतात. मांडून बघितलं की आकडा तेवढा भयानक वाटत नाही. शिवाय तू कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत आला असशील, तर तू यायच्या आधीच दोन-तीन आठवडे शिकवून झालेले असतात. तसं असेल तर हे ८ गुण बुद्धीचा हिशेब नाहीत, उशिरा मिळालेल्या प्रवेशाचा आहेत.

इंग्रजीबद्दल एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी सत्राच्या मध्यावर एक मुलगा स्टाफरूमच्या दारात आला, बीडकडचा. 'आत येऊ का' विचारायलाच त्याला दोन मिनिटं लागली. म्हणाला, 'मॅडम, मॅट्रिक्सची रँक कळत नाही.' रँकमधलं काय? 'सगळंच.' मी पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: एक्स अधिक वाय बरोबर ५. दोन एक्स अधिक दोन वाय बरोबर १०. किती उत्तरं? तो लगेच म्हणाला, 'दुसरं समीकरण पहिल्याचीच दुप्पट आहे. अनंत उत्तरं.' मी १० खोडून ११ केले. तो म्हणाला, 'आता उत्तरच नाही. रेषा समांतर झाल्या.'

म्हटलं, मग तुला रँक येते की. पहिल्या वेळी कागदावर ओळी दोन होत्या, पण माहिती एकाच ओळीएवढी होती, म्हणून रँक १. अज्ञात दोन आणि माहिती एक, म्हणून उत्तरं अनंत. ११ केल्यावर डावीकडच्या सहगुणकांची रँक १ च राहिली, पण उजवीकडचे ५ आणि ११ जोडून घेतले की रँक २ होते. दोन्ही रँक जुळत नाहीत, म्हणजे समीकरणं आपसांत भांडतायत. पुस्तकातलं 'इनकन्सिस्टंट' ते हेच. चार ओळींचं मॅट्रिक्स आलं तरी गोष्ट तीच, फक्त डोळ्यांना दिसत नाही म्हणून पायरी-पायरीनं शून्यं करत जायची.

हा मुलगा दहावीत 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' पाठ करून आला होता, निश्चयक आणि क्रेमरच्या पद्धतीसकट. मी वर्गात 'सिस्टिम ऑफ लिनिअर इक्वेशन्स' म्हणत होते, आणि त्याची 'एकसामयिक समीकरणे' डोक्यात वेगळ्याच कप्प्यात पडून होती. दोन कप्प्यांमधली भिंत पाडायला वीस मिनिटं लागली. अकरावी-बारावीत तुमचीही गंमत हीच असते: पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठीत, आणि टेस्टमध्ये चार पर्यायांतला एक निवडायचा. त्यामुळे इंग्रजीत सलग चार वाक्यं ऐकायची किंवा लिहायची वेळच आलेली नसते.

म्हणून वहीची शेवटची दहा पानं शब्दांसाठी ठेव. गणिताच्या तासाला फिरून फिरून येणारे शब्द माझ्या अंदाजानं शे-दीडशेच असतात. हेन्स, डिड्यूस, आर्बिट्ररी, डिस्टिंक्ट, कन्व्हर्ज, नॉन-झीरो. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि एक छोटं उदाहरण. शब्दकोशातला अर्थ पुरत नाही. 'आर्बिट्ररी'पुढे 'स्वैर' लिहिलंस तर काहीच कळणार नाही, 'कुठलाही घेतला तरी चालेल असा' लिहिलंस तर कळेल. आणि एखादा मुद्दा आधी मराठीतून समजून घेण्यात कमीपणा काही नाही. मित्राकडून घे, यूट्यूबवरून घे, चॅटजीपीटीला 'मराठीत सांग' म्हण. फक्त समजल्यावर तोच मुद्दा चार ओळी इंग्रजीत स्वतः लिही, कारण पेपर इंग्रजीत लिहायचाय. आणि चॅटजीपीटीनं दिलेलं उत्तर हातानं पडताळून बघ. चुकीचं असलं तरी ते आत्मविश्वासानंच येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टाफरूमची पायरी. मी स्वतः १९९४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बीएस्सीला शहरात आले. पहिल्या वर्षभरात एकदाही प्राध्यापकांच्या खोलीत गेले नाही. 'एवढं साधं हिला येत नाही' असं त्यांना वाटेल, ही भीती. वर्षअखेरीला गणिताच्या एका पेपरात काठावर पास झाले. पुढे त्याच प्राध्यापकांकडे एमएस्सीला होते, तेव्हा कळलं की दुपारी दोन ते तीन ते रोज रिकामे बसलेले असत, कोणी येत नाही म्हणून कोडी सोडवत.

जाताना 'काहीच कळत नाही' म्हणून जाऊ नकोस. त्यावर कोणालाच काही करता येत नाही, आणि समोरचा परत सगळं लेक्चर देतो. उदाहरण सोडवायला घे, जिथं अडतोस त्या ओळीखाली रेघ मार आणि 'इथपर्यंत आलो, पुढची ओळ कशी आली ते कळलं नाही' असं विचार. रेघ मारलेली वही घेऊन आलेल्या मुलाला मी जेवणाचा डबा बाजूला ठेवून सांगितलंय. काही शिक्षक वैतागतात, हेही खरं. सबमिशनच्या आठवड्यात मी स्वतः वैतागलेली असते. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नकोस. ट्यूटोरियलला दुसरे शिक्षक असतील तर त्यांना गाठ, नाहीतर गेल्या वर्षी हा विषय नीट केलेल्या सीनियरला.

शंका साठवायची नाही, एवढा एक नियम मी मुलांना घालून देते. सात दिवसांपेक्षा जुनी शंका वहीत राहता कामा नये. त्यासाठी रविवारी दुपारचे दोन तास राखून ठेव. पुण्यात रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, तेव्हा जेवायला बाहेर पडायच्या आधी हे उरकून घे. प्रत्येक विषयाला एक कोरा कागद. वही मिटलेली. या आठवड्यात काय शिकवलं ते आठवून लिहायचं, सूत्रं, एखादं उदाहरण, एखादी आकृती. पेन जिथं थांबेल तो सोमवारचा प्रश्न. पहिले दोन-तीन रविवार कागद जवळजवळ कोरे राहतील आणि वाईट वाटेल. राहू देत. लातूरला संध्याकाळी जो निकाल लागायचा, तो आता तू स्वतः लावतोयस.

गाईडबद्दल मुलं विचारतात. अप्पा बळवंत चौकात गेलास तर प्रत्येक विषयाची तीन-तीन प्रकारची मिळतील, जुनी पुस्तकंही निम्म्या किमतीत. गाईड घे, मी नाही म्हणत नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात एकत्र मिळतात. पण सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नकोस. वाचताना प्रत्येक ओळ पटते आणि परीक्षेत पहिली ओळही सुचत नाही. काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघितल्यासारखं आहे ते. उत्तरावर हात ठेव, तू एक ओळ लिही, मग हात एका ओळीनं खाली सरकव.

खोलीतल्या दोघांना कोडिंग येतं, याचा फार धसका घेऊ नकोस. शाळेत दोन वर्षं त्यांचा हात बसलाय, बाकी काही नाही. पहिल्या वर्षीचं प्रोग्रॅमिंग शून्यापासून सुरू होतं, आणि रोज अर्धा तास स्वतः टाइप करणारी मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांना गाठतात. मात्र कॉपी-पेस्ट नाही. १ ते १०० मधल्या मूळ संख्या छापायचा प्रोग्रॅम पुस्तक मिटून लिही. पायथॉनमध्ये ओळीच्या शेवटचा कोलन विसरशील, लाल अक्षरांत शिव्या येतील, त्या वाच. तो लाल मजकूर वाचायला शिकणं हाच निम्मा विषय आहे. अडलास तर त्या दोघांनाच विचार. नाहीतरी गणिताचं उदाहरण किंवा जर्नल मागायला ते तुझ्याकडे येतीलच. दुसऱ्या वर्षी डिप्लोमाची मुलं थेट येऊन बसतील, त्यांचा हात प्रॅक्टिकलमध्ये तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगला बसलेला असेल. तेव्हा तुझ्या रूममेट्सचीही तुझ्यासारखीच गत होणार आहे.

सबमिशनविषयी दोनच शब्द. रायटअप उतरवून काढले जातात हे आम्हाला माहीत असतं. निदान प्रयोग कशासाठी केला आणि आकडे कुठून आले, एवढं समजल्याशिवाय जर्नलवर सही घ्यायला जाऊ नकोस. ओरलला पहिला प्रश्न तिथूनच येतो. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस; डिफॉल्टर यादीत नाव लागलं की घरी पत्र, अर्ज, सह्या, आणि त्या धावपळीत अभ्यासाचा आठवडा जातो.

आता सीनियर विरुद्ध वडील. 'एफईत काही नसतं' हे वाक्य साधारणपणे ज्याचे दोन विषय अजून राहिलेत तो मुलगा सांगतो. पहिल्या वर्षाचा बॅकलॉग दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर बसतो, आणि प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या लाइव्ह बॅकलॉग असलेल्यांना दारातच थांबवतात. पण वडिलांचंही मी पूर्ण ऐकणार नाही. फक्त खोली-वर्ग-खोली केलेली मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोमेजतात, हे मी दर वर्षी बघते. एक गोष्ट निवड, एकच. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्य-कला स्पर्धेची तालीम असेल, रोबोटिक्सचा गट असेल, एनएसएस असेल. पहिल्या आठवड्यात पाच क्लबांचे फॉर्म भरणारा मुलगा दोन महिन्यांत एकाही ठिकाणी दिसत नाही. तुझ्यासाठी माझी पसंती एनएसएसला, दोन कारणांनी: ठरावीक तासांचं काम असतं, त्यामुळे ते अभ्यास गिळत नाही, आणि सात दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या शाखांची, तुझ्यासारखीच बाहेरगावची मुलं भेटतात. नाटकाचं वेड असेल तर मात्र नाटकच कर. फिरोदियाच्या तालमीत पडद्यामागे दिवे सांभाळणारी एक बुजरी मुलगी वर्षाच्या शेवटी वर्गात उभी राहून माझी चूक दाखवायला लागली. इंग्रजीत, व्याकरण वेडंवाकडं. पण चूक खरंच माझी होती.

पैशांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण यात मुलं हकनाक नुकसान करून घेतात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर, अर्ज भरलास का? घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघ. वडील अल्पभूधारक शेतकरी असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीतला असशील आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर स्वाधार योजना. तुझ्या प्रवर्गाला कुठली लागू आहे ते कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर विचार. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, आणि पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण स्वतःहून करावं लागतं. गेल्या वर्षी एका मुलाचा अर्ज निव्वळ दाखल्याची मुदत संपल्यामुळे परत आला आणि घरी गाय विकली गेली. दिवाळीला गावी जाशील तेव्हा तहसीलचं काम आधी कर, मग फराळ.

घरची आठवण येत असेल, झोप लागत नसेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या सत्रात अर्ध्या होस्टेलची ती अवस्था असते, कोणी बोलत नाही इतकंच. जास्तच जड वाटायला लागलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे.

सोमवारी तो ८ गुणांचा तपासलेला पेपर घेऊन तुझ्या गणिताच्या शिक्षकांकडे जा. तीन रंगांचे पेन ने. येत होतं पण घाईत चुकलं ते एका रंगानं, अर्धवट येत होतं ते दुसऱ्यानं, आणि प्रश्नच कळला नव्हता ते तिसऱ्यानं, अशा खुणा त्यांच्यासमोर बसून कर. तिसऱ्या रंगाचं काम रविवारी दुपारी, दुसऱ्याचं स्टाफरूममध्ये. आणि पेपर रागाच्या भरात फाडून टाकला असशील, बरेच जण टाकतात, तर प्रश्नपत्रिका मित्राकडून घे आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवून, ती वही घेऊन जा.